काय सुटेल, काय राहील

कॉम्प्युटरवरचं डिझाइन पात्याने कागदातून कापून देणाऱ्या कटिंग मशीनला चित्र कळत नाही, त्याला फक्त कडा कळतात. पडद्यावर आपण लाल भडक फूल काढतो, त्याला छाया देतो, आणि मशीन त्यातला सगळा साज बाजूला ठेवून एकच विचारतं : पातं कुठून कुठे न्यायचं? जाड रेघेने काढलेलं पान त्याच्या दृष्टीने दोन पानं असतात, रेघेच्या बाहेरच्या कडेचं एक आणि आतल्या कडेचं एक. मग मॅटवरून, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या चिकट पाटीवरून, पान उचलायला जावं तर हातात नुसती पानाच्या आकाराची बारीक चौकट येते.

म्हणून डिझाइन करताना ते दिसतंय कसं यापेक्षा कापल्यावर त्यातलं काय सुटेल आणि काय राहील, हे आधी बघावं लागतं. एकदा ही खोड लागली की सुटत नाही. दुकानांच्या पाट्या वाचतानाही मी मनातल्या मनात अक्षरांचे सुटे तुकडे मोजत असते.

देवनागरीत तर याची खरी गंमत आहे. रोमन लिपीत नाव कापायचं तर प्रत्येक अक्षर वेगळं पडतं, ते एकाला एक चिकटवत बसा. आपल्याकडे शिरोरेषा आहे. अख्खं नाव एकसंध उचललं जातं, जणू लिपी घडवणाऱ्यांना कार्डस्टॉकची, म्हणजे जाड कागदाची, कल्पना होती! मात्र ही कृपा आपोआप होत नाही. प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतं. पडद्यावर ती सलग रेघ वाटते, पण मशीन प्रत्येक जोडावर इमानेइतबारे काप देतं. त्यासाठी ‘वेल्ड’ करायचं, म्हणजे सगळे आकार मिळून एकच बाहेरची कड उरते.

काही कटिंग सॉफ्टवेअरला जोडाक्षरं झेपत नाहीत, ऱ्हस्व इकार अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसतो. अशा वेळी इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये शब्द लिहावा, त्याचा ‘पाथ’ करावा, तिथेच जोडून घ्यावा आणि एसव्हीजी, म्हणजे आकारांच्या कडा जपणारी, फाइल म्हणून कटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणावा. पाथ झाला की तो मजकूर राहत नाही, नुसता आकार होतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे वाद त्याआधी मिटवलेले बरे.

आणि अनुस्वार! ‘चंदन’ कापलं तर टिंब कागदाच्या कपट्यांत नाहीसं होतं आणि हातात ‘चदन’ उरतं. टिंब थोडं खाली सरकवून शिरोरेषेला टेकवायचं, किंवा दोघांमध्ये बारीक देठ द्यायचा. शब्दाचं स्टेन्सिल, म्हणजे रंग द्यायचा कोरलेला साचा, करायला घेतलं की सगळं उलटं होतं. तिथे टिंबाचा काही त्रास नाही, ते नुसतं भोक आहे. तिथे छळतात ती व, ब, प यांची पोटं. त्यांच्या आतली जागा चारी बाजूंनी कापली जाते आणि गळून पडते, रंग दिल्यावर ‘व’चा भरीव ठिपका होतो. पोट आणि बाहेरचा कागद यांच्यामध्ये पूल ठेवावे लागतात, आणि ‘ष’ला दोन पोटं असल्यामुळे पूलही दोन जागी लागतात.

वळणांचं म्हणाल, तर फोटोवरून आपोआप ट्रेस केलेल्या आकारात नोड्सची, म्हणजे रेघेला वळण देणाऱ्या बिंदूंची, रांगोळी पडलेली असते. ते कमी केले की वळण गुळगुळीत येतं आणि पातं थरथरत नाही. या वळणांमागचं गणित मोटारींच्या पत्र्यासाठी जन्मलं. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झोने ते 1959 मध्येच मांडलं होतं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. पुढे 1960च्या दशकात रेनोच्या पियेर बेझिएने स्वतंत्रपणे काम करून ते जगापुढे आणलं, आणि वक्रांना नाव लागलं ते बेझिएचं.

आता पातं. त्याचं टोक अक्षाच्या बरोबर मध्यावर नसतं, जरा बाजूला असतं. ट्रॉलीचं चाक ढकलाल तिकडे वळतं, तसं ते कागदातून ओढलं जात वळत राहतं. म्हणूनच जाड कागदावरच्या टोकदार कोपऱ्यांत आणि अगदी बारीक अक्षरांत ते अडखळतं, कागद पिसतं. यावर लोक दाब वाढवतात. मला ते पटत नाही, त्याने मॅट कापली जाते. कमी दाबाने दोनदा कापावं, वेग उतरवावा. कोपरा किंचित गोल केला तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. कागदाच्या एका कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघायचा कंटाळा मात्र करू नये. चौकोन अलगद निघाला, तर बाकीचं निघेल.

व्हायनलला, म्हणजे पाठीला कागद असलेल्या चिकट प्लॅस्टिकला, वरचा थर तेवढा कापायचा असतो, पाठीचा कागद शाबूत ठेवून. मग नको तो भाग चिमट्याने टिपत बसायचं. हे मला कापण्यापेक्षाही आवडतं. कापडावर इस्त्रीने चिकटवायचं व्हायनल असेल तर आकार ‘मिरर’ करून उलटा कापायचा, कारण तिथे पातं चिकट बाजूकडून चालतं.

काम झाल्यावर मॅटवरून कागद ओढू नका, त्याची सुरळी होते. मॅटच पालथी घाला, कागद टेबलावर सपाट राहू द्या आणि मॅट हळूहळू वाकवत सोलून काढा. मॅट कोरी असेल आणि कागद पातळ, तर आधी तिच्यावर सुती कापड दोन-चारदा दाबून चिकटपणा थोडा मारावा. नाहीतर इतके सांभाळलेले पूल तिथेच तुटतात.