पहिल्या दणक्यासाठी इंडियानापोलिस

गाडीतलं घड्याळ शिकागोच्या वेळेवर होतं आणि माझ्या मनगटावरचंही, एवढ्यावर सगळं बोंबललं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ड्रम कोअर फायनल्स बघायला आम्ही दोघं नेपरव्हिलहून इंडियानापोलिसला निघालो. आय-६५ पकडला की जेमतेम तीन-साडेतीन तासांचा रस्ता, दोन्हीकडे मका नाहीतर सोयाबीन, मग मध्येच पवनचक्क्या लागतात त्या संपता संपत नाहीत, आणि तिथेच कुठेतरी सेंट्रल टाइम संपून ईस्टर्न चालू होतो, म्हणजे आपला एक तास गायब. मी इंडियानात दोन वर्षं शिकलोय, मला हे माहीत नसेल असं नाही. पण डब्यातली दाण्याची चटणी सांडली कुठे यावरून आमचं चाललं होतं आणि तो तास गेला.

आधी हे ड्रम कोअर म्हणजे काय ते सांगतो, कारण ऑफिसातल्या देशी लोकांना सांगून सांगून माझं एक भाषणच तयार झालंय. फुटबॉलच्या मैदानावर एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची दीडशेच्या वर पोरं-पोरी, हातात फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम्स, बाजूला झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड, पुढे मारिंबा-व्हायब्राफोनवाल्यांचा ताफा, आणि दहा-बारा मिनिटांचा एक शो जो ही मंडळी अख्खा उन्हाळा शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपून, बसने हजारो मैल फिरून घासत असतात. सनई-क्लॅरिनेट जातीतलं काही चालत नाही. अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी पोरांची ब्यूगल पथकं काढली, त्यातून हे वाढत गेलं, आणि १९७२ पासून ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही स्पर्धा घेते. आणि हो, स्पेलिंग बघून कॉर्प्स म्हणायचं नाही, कोअर म्हणायचं. मी पहिल्या वर्षी 'ड्रम कॉर्प्स' म्हणालो तर समोरच्याला वाटलं मी मढ्याबद्दल बोलतोय.

मला हा नाद लागला २००८ मध्ये. तेव्हा ब्लूमिंग्टनला एमएस करत होतो. त्या वर्षी फायनल्स खरं तर इंडियानापोलिसच्या नव्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये व्हायच्या होत्या, पण ते बांधून वेळेत होईना म्हणून आमच्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर आल्या, आणि लायब्ररीत माझ्यासोबत काम करणाऱ्या एका पोराकडे एक तिकीट उरलं होतं. मी पुण्यात चार वर्षं पथकात ढोल वाजवलेला माणूस, मला वाटलं चला बघू तरी गोऱ्यांचं पथक कसं असतं. त्या रात्री रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने स्पार्टाकस केलं, खाचातुरियनच्या बॅलेचं संगीत, मैदानभर गुलाम आणि भाले, एकेक जण ओरडतोय की मीच स्पार्टाकस, आणि शेवटाकडे त्यांनी चक्क आपल्याच ड्रम मेजरला, म्हणजे पुढे उभं राहून कोअर चालवणाऱ्याला, भाल्याने मारलं (नाटकात हो). फँटमचे गुण ९८.१२५, विरुद्ध ब्लू डेव्हिल्स या दुसऱ्या कोअरचे ९८.१००. पाव दशांशाने जिंकले! मी घसा बसेपर्यंत ओरडलो. पण गंमत म्हणजे त्या शोचा ओपनर, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, मला अजिबात आठवत नाही, तेव्हा मी शेजारच्याकडून नाचोज घेत होतो. नंतर व्हिडिओवर बघितला तेव्हा कळलं, शेवटाला माझ्या अंगावर काटा आला त्याची सगळी तयारी पहिल्या दोन-तीन मिनिटांतच करून ठेवली होती. तेव्हापासून ओपनर चुकवायचा नाही हा नियम. सोळा वर्षं पाळला.

तर इंडियानापोलिसला पोचलो, माझ्या घड्याळाप्रमाणे हातात दोन तास होते, म्हणून निवांत लॉटकडे वळलो. स्टेडियमच्या आसपासच्या पार्किंग लॉट्समध्ये कोअर वॉर्म-अप करतात, आणि बरेच जुने फॅन शोपेक्षा लॉटसाठीच येतात असं मला वाटतं. तिकीट नाही, काही नाही, ड्रमलाइनच्या समोर हातभर अंतरावर जाऊन उभं राहा. डांबर तापून मऊ झालेलं, स्पीकरवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राचं, टक टक टक, आणि नऊ-दहा स्नेअरवाले ओठातल्या ओठात डट-डट-डट म्हणत सुरुवात पकडतात आणि मग सगळ्यांच्या काड्या अशा एकदम पडतात की एकच माणूस वाजवतोय. आमच्या पथकात ताशाची तर्री सुरू झाली की ढोलवाले टिपरू उचलून पहिल्या ठोक्याची वाट बघत थांबायचे, त्या थांबण्यातच निम्मी मजा असायची. इथे तीच मजा, फक्त शिस्त मिलिटरीची. (आमचा पहिला ठोका एकत्र पडला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.) पलीकडे हॉर्नलाइन अर्धगोल करून एकच सूर लांबवत उभी होती, आणि ट्युबावाल्यांच्या समोर गेलो तर सूर कानाला नाही, पोटाला लागतो.

तिथेच मरून जॅकेटातले एक आजोबा भेटले. एवढ्या उन्हात जॅकेट! पाठीवर कॅडेट्सचं नाव. कॅडेट्स म्हणजे १९३४ पासूनचं कोअर, दहा वेळा डीसीआय चॅम्पियन, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बंद झालं, म्हणजे ती त्यांच्याशिवायची फायनल. मी सांत्वनाचं काहीतरी बोलायला गेलो तर त्यांनी हात झटकला आणि विचारलं, तुझा आवडता ओपनर कुठला? मी त्यांचं मन राखायला नाही, खरंच म्हणालो, १९८३, रॉकी पॉइंट हॉलिडे.

तेव्हा कॅडेट्सचं नाव गारफिल्ड कॅडेट्स होतं. रॉन नेल्सनची ती रचना मुळात कॉन्सर्ट बँडची, त्यात सॅक्सोफोन-क्लॅरिनेटची पळापळ, आणि ती यांनी फक्त ब्यूगलांवर घेतली आणि वर पळत पळत वाजवली. त्याआधी ड्रिल, म्हणजे वाजवता वाजवता मैदानावर आकार करत फिरणं, म्हणजे बहुतेक सरळ रेषा आणि दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या. त्यांचं ड्रिल आखणाऱ्या जॉर्ज झिंगालीने त्यांना वाकड्यातिकड्या वळणांत, वेगात, एका बाजूला झुकलेल्या आकारांत फिरवलं. मायामीला त्या वर्षी ते पहिल्यांदा डीसीआय चॅम्पियन झाले, आणि तिथून सलग तीन वर्षं तेच. व्हिडिओ जुना, रंग उडालेला, आवाज डब्यातून आल्यासारखा, तरी तो ओपनर लागला की मी हातातलं काम ठेवतो. त्यात प्रस्तावना वगैरे नाहीच. दार उघडलं की समोर भरधाव ट्रेन.

आजोबा मान डोलावत होते. मग म्हणाले, ठीक आहे, पण आता स्टारचा सांग. आणि इथे आमचं वाजलं.

स्टार ऑफ इंडियाना हे ब्लूमिंग्टनचं कोअर, म्हणजे माझ्या गावचं म्हणा ना. १९९१ ला चॅम्पियन. पण १९९३ ला त्यांनी बार्टोक आणि बार्बर या संगीतकारांचं संगीत घेऊन मेडिया केलं, जी स्वतःच्या पोरांना मारते ती, आणि सुरुवातच अशी थंड, टोकदार, की टाळी कुठे वाजवायची ते प्रेक्षकांना कळेना. टाळ्यांसाठी कुठे थांबाच ठेवला नव्हता. त्या उन्हाळ्यात लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, आणि जॅक्सन, मिसिसिपीच्या फायनलला ते एक दशांशाने हरले, तेही कॅडेट्सकडूनच. नंतर त्यांनी स्पर्धाच सोडली, त्यातूनच पुढे ब्लास्ट नावाचा स्टेज शो झाला आणि त्याला २००१ मध्ये टोनी हा नाटकांचा पुरस्कार मिळाला. माझं म्हणणं, असा ओपनर करायला वाघाचं काळीज लागतं. आजोबांचं म्हणणं, लोकांनी पैसे भरलेत, त्यांना पहिल्या मिनिटात काहीतरी द्या ना बाबा. मी म्हटलं दिलंय की, तुम्ही घेतलं नाही. ते हसले. मी पण. अजून पाच मिनिटं आम्ही तिथेच, मग दहा, मग त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी कोअरचा ओपनर तोंडाने वाजवून दाखवला, ठेक्यासकट.

बायको मागून म्हणाली, "अरे, लोक आत का पळतायत सगळे?"

मी घड्याळ दाखवलं. तिने पिशवीतून फोन काढून माझ्या नाकासमोर धरला.

मग काय, आम्हीही पळालो. सिक्युरिटी, बॅगेची तपासणी, चुकीचा जिना, बरोबर जिना, आणि आमच्या सेक्शनच्या तोंडाशी पोचलो तर तिथल्या काकू हात आडवा करून उभ्या, शो चालू असताना कोणाला आत सोडत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. बारा कोअरमधल्या पहिल्याचा ओपनर आम्ही काँक्रीटच्या भिंतीपलीकडून ऐकला.

आणि सांगतो, ते वाईट नव्हतं. दिसत काहीच नव्हतं. आधी खालून सिंथेसायझरचा घुमारा, जमिनीतून येतोय असा, मग एकटा ट्रम्पेट, लांब, बहुधा मैदानाच्या मागच्या बाजूला तोंड करून, मग तोही थांबला. आणि सगळं स्टेडियम गप्प. पॉपकॉर्नवाला मुलगासुद्धा गप्प. मी बायकोकडे बघितलं, ती भिंतीला हात लावून उभी होती. आणि मग तो पहिला दणका आला, सगळे पितळवाले एकदम, बंद छताखाली तो मागच्या भिंतीवर आपटून परत आला तोपर्यंत आतली हजारो माणसं ओरडत होती. त्या गप्प राहण्याचे सेकंद मोजायला हवे होते. चार असतील, सहा असतील. आत बसलो असतो तर झेंडे बघण्यात गेले असते.

मला वाटतं आजोबांचं आणि माझं भांडण तिथेच होतं. पहिला दणका किती वेळ अडवून धरायचा. कॅडेट्सनी १९८३ ला अजिबात अडवला नाही, स्टारने इतका अडवला की लोक चिडले. मी दोन्ही बाजूंना आहे, हे मला त्या भिंतीपाशी कळलं, आणि आजोबांना सांगायला ते काही परत भेटले नाहीत.

बाकीचे अकरा ओपनर जागेवर बसून बघितले. हल्लीच्या ओपनरबद्दल माझी एक कुरकुर आहे ती इथेच करून टाकतो: रेकॉर्ड केलेले आवाज, कुजबुजणाऱ्या बाया, दीर्घ श्वास. २००४ पासून माइक आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक्सला परवानगी मिळाली, ठीक आहे, पण प्रत्येकाने श्वासानेच सुरुवात केली की वाटतं सगळ्यांना दमा झालाय. पण त्याच स्पीकर-सिंथला हाताशी धरून कँटन, ओहायोचे ब्लूकोट्स काय काय करतात ते बघितलं की माझं तोंड बंद होतं. त्या रात्री तेच जिंकले, शोचं नावच चेंज इज एव्हरीथिंग. बायकोला त्यांच्यापेक्षा फँटम आवडलं. तिला नेहमीच फँटम आवडतं. मी वाद घालत नाही, २००८ चं ऋण आहे.

निकाल लागून बाहेर पडेपर्यंत मध्यरात्र होत आलेली. हॉटेल घ्यायचं ठरलं होतं, पण रविवारी दुपारी मंडळाची गणपतीची मीटिंग होती आणि वर्गणीची वही माझ्याकडे. निघालो. पवनचक्क्यांच्या भागात आलो तर अंधारात पाती दिसत नाहीत, नुसते लाल दिवे, शेकडो, आणि सगळे एकाच क्षणी लागतात, एकाच क्षणी विझतात. मेट्रोनोमवर असल्यासारखे.

"ते तुझं ट्रेनवालं लाव," बायको म्हणाली.

रॉकी पॉइंट लावलं. संपलं तेव्हा फोनवरचं घड्याळ एक तास मागे सरकलं होतं, म्हणून परत लावलं.