मणिमहेश आणि गौरीकुंडावरची चादर

अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, खरं तर जायचं होतं कैलास-मानसरोवरला. पण २०२४ साली ती यात्रा बंद होती. २०२० मध्ये जी थांबली ती थांबलीच होती, आणि सुरू असती तरी लाखांतला खर्च आम्हाला काही झेपला नसता. मग अक्कांनीच कुठून तरी पंचकैलासांची यादी आणली. तिबेटातला कैलास, आदिकैलास, किन्नौर कैलास, श्रीखंड महादेव आणि मणिमहेश. "हा शेवटचा बघ, हिमाचलात आहे, पासपोर्ट लागत नाही," म्हणाल्या. डोंगर आहे, खाली सरोवर आहे, महादेव आहे. अजून काय पाहिजे?

अक्का पासष्टीच्या आहेत आणि आळंदी ते पंढरपूर चालतात. मी पन्नाशीची आहे आणि भाजी आणायलाही स्कूटर काढते. त्यामुळे घरातल्यांना काळजी नेमकी कुणाची होती ते सांगायला नको.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. पठाणकोटला उतरून बसने चंबा, आणि चंब्याहून रावीच्या काठाकाठाने भरमौर. साठ-पासष्ट किलोमीटरचा हा रस्ता नकाशावर किरकोळ वाटतो. खडामुखला रावी सोडून गाडी बुढल नदीच्या खोऱ्यात वळते, आणि तिथून पुढे मी खिडकीबाहेर बघणं बंद केलं. रस्त्यावर जागोजागी ताज्या दरडीची माती होती, एका बाजूला जेसीबी उभा, दुसऱ्या बाजूला थेट नदी. ड्रायव्हर मात्र मागे वळून सवाऱ्यांशी गप्पा मारत होता. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टअखेरीस, याच भागात पावसाने थैमान घातलं. यात्रा थांबवावी लागली, हजारो माणसं अडकली आणि भरमौरहून लोकांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने काढलं. त्या बातम्या टीव्हीवर बघताना अक्का एक शब्द बोलल्या नाहीत, नुसती माळ ओढत बसल्या.

भरमौर म्हणजे जुनं ब्रह्मपूर, चंब्याच्या राजांची पहिली राजधानी. चौरासी मंदिरांच्या चौकात लक्षणादेवीचं देऊळ आहे, सातव्या शतकातलं, राजा मेरुवर्म्याने बांधलेलं. बाहेरून साधं उतरत्या छपराचं घर वाटतं आणि दारापाशी गेलं की लाकडावरचं कोरीवकाम बघून पाय हलत नाहीत. तेराशे वर्षांपूर्वीचं लाकूड, तेही बर्फात! देवीची पितळी मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचं नाव शिलालेखासारखं मूर्तीच्या बैठकीवरच कोरलेलं आहे: गुग्गा. राजाच्या नावाशेजारी कारागिराचं नाव, हे मला फार आवडलं. आपल्याकडे इतक्या लेण्या कोरल्या, नावं दानशूरांची. आवारात एक घर धर्मराजाचंही आहे, मेल्यावर हिशेबाला इथेच यावं लागतं म्हणतात. अक्का आत जाऊन आल्या. मी बाहेर चपला सांभाळल्या.

यात्रेचा नियम असा, की आधी भरमौरच्या वर डोंगरात असलेल्या भरमाणी मातेचं दर्शन घ्यायचं, नाहीतर मणिमहेशाचं फळ मिळत नाही. ही जागा मुळात तिची. महादेव नंतर आले, आणि तिचा मान आधी हे त्यांनीच कबूल केलं अशी कथा आहे. जीपने गेलो, कुंडातलं पाणी अंगावर घेतलं, आलो.

चालायला सुरुवात हडसरपासून. तिथून सरोवर तेरा किलोमीटर, आणि ते समुद्रसपाटीपासून ४०८० मीटरवर. जन्माष्टमीचं छोटं स्नान होऊन गेलं होतं आणि राधाष्टमीचं मोठं स्नान अजून लांब होतं. मधल्या दिवसांत गर्दी कमी असते असं ऐकून आम्ही गेलो. ज्याने हे सांगितलं त्याने गर्दी कशाला म्हणतात ते बहुधा बघितलेलंच नसावं. जम्मूकडच्या भद्रवाहहून डोंगर ओलांडून पायी आलेले काही जत्थे अजून परतत होते, त्यांत अनवाणी माणसं होती, आणि ती मला "माताजी, हिम्मत रखो" म्हणत होती. पन्नाशीत माताजी!

लंगरांबद्दल लिहायलाच हवं. पंजाब-हिमाचलातली मंडळी ट्रकभर शिधा आणून इतक्या उंचावर तंबू टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. पहिल्या लंगरात मी भारावून गेले. राजमा-चावल, कढी, वर गरम जिलेबी. दुसऱ्यात चहा घेतला. तिसऱ्यात एक सरदारजी रस्त्यात आडवेच आले, "ओ माताजी, खीर खा के जाओ," आणि नको म्हटलं तर चेहरा असा पाडला, की खाल्ली. तेरा किलोमीटरच्या चढावर पोट गच्च भरून चालणं हा भक्तीचा कुठला प्रकार आहे मला माहीत नाही. अक्का प्रत्येक ठिकाणी दोन घास मागून घेत होत्या आणि "अन्नाला नाही म्हणू नये" असं मला ऐकवत होत्या.

मुक्काम धनछोला. भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव इथल्याच धबधब्याआड लपले होते म्हणतात. लपायची जागा म्हणून ती मला पटली, कारण धबधब्याचा आवाजच एवढा आहे. पण त्या आवाजावर मात करून शेजारच्या मंडपात रात्री अडीचपर्यंत स्पीकर चालू होता. सिनेमाच्या चालींवर भोलेनाथाची गाणी. ज्याने कैलास निवडला तो शांततेसाठीच ना? तंबूत रजईचे वेगळे पैसे, रजई ओली, आणि माझ्या डाव्या कुशीला जम्मूहून अख्ख्या कुटुंबकबिल्यासह आलेली एक आजी घोरत होती. अक्कांना झोप लागली. वारकऱ्यांना कुठेही लागते.

सकाळी धनछोच्या वरचा चढ सुरू झाला. वाटेत एके ठिकाणी लोक खडकाला कान लावून उभे होते. त्याला शिवाचा घराट म्हणतात; घराट म्हणजे पाण्यावर फिरणारं पिठाचं जातं. खडकाखालून खरंच घरघर ऐकू येते. पाणीच असणार खाली. अक्का बराच वेळ कान लावून राहिल्या. "दळण चालू आहे," एवढंच म्हणाल्या. सुंदरासी हा वाटेतला टप्पा गेल्यावर मला दर वीस पावलांना थांबावं लागत होतं. घोडेवाले बरोबर तेवढ्यातच शेजारी येऊन भाव सांगायचे, आणि माझा श्वास जसजसा वाढत होता तसतसा भावही वाढत होता.

आणि मग गौरीकुंड.

सरोवराच्या अलीकडे, फार तर किलोमीटरभर, हे लहानसं कुंड आहे. पार्वती इथे स्नान करायची म्हणून इथे फक्त बायका अंघोळ करतात. पुरुषांची न्हाण्याची जागा, शिवकरोत्री, वेगळी. इथे न्हाऊन मग वर सरोवरावर जायचं. मी ठरवूनच आले होते की पाय बुडवायचे, डोक्यावर चार थेंब घ्यायचे आणि निघायचं. थंडीचं कारण होतंच, पण खरं कारण आडोसा. ताडपत्र्या होत्या, पण वाऱ्याने त्यांच्या कडा फडफडत होत्या, आणि जवळच हेलिपॅड. भरमौरहून हेलिकॉप्टरने येणारे लोक इथेच उतरतात. बायका ओल्या कपड्यांनिशी काठावर उभ्या आणि डोक्यावरून ते यंत्र घरघरत येतंय, ताडपत्री उडतेय, सगळ्याजणी अंग चोरून खाली बसताहेत. कुणालाही दुसरी जागा सुचली नसेल का? म्हाताऱ्या-आजाऱ्यांना सोय हवी हे मला मान्य आहे. पण ती बायकांच्या एकमेव न्हाणीला लागून?

अक्का पाण्यात शिरल्याही होत्या. "हर हर महादेव" म्हणून तीन डुबक्या, आणि लालबुंद होऊन बाहेर. मी काठावर सॉक्स काढत रेंगाळत होते. तेवढ्यात एका गद्दी, म्हणजे इथल्या मेंढपाळ समाजातल्या, आजीने माझ्याकडे बघितलं. अंगात घेरदार लुआंचडी, कमरेला लोकरीच्या दोराचे वेढे, नाकात मोठी नथ. मला म्हणाली, "इतनी दूर से पैर धोने आई है?" आणि तिने आपली लोकरी चादर सोडून दोन हातांत ताणून धरली. दुसरं टोक एका कॉलेजातल्या पोरीने पकडलं. मागे खडक, पुढे चादर. मला न्हाणीघर तयार झालं आणि आता सबब उरली नाही.

पाण्याबद्दल काय सांगू. पहिल्या डुबकीला श्वासच बंद झाला. दुसरी घ्यायची की नाही हा विचार करायच्या आत आजीने वरून हुकूम सोडला, "तीन!" घेतल्या. बाहेर आले तर हातांची बोटं साडीची पिन लावायला तयार नाहीत. कॉलेजातल्या पोरीने पिन लावली. कोण कुठली, तिला माझं नाव माहीत नाही.

मग माझ्या लक्षात आलं की इथे एक रीत चालू आहे. जी न्हाऊन कपडे बदलते ती पुढचीसाठी चादर धरते. कुणी सांगत नाही, पाटी नाही, स्वयंसेवक नाहीत. मी ओले केस झटकत असताना एक नवी नवरी हिरव्या चुड्यासकट समोर येऊन उभी राहिली, आणि आजीने चादरीचं टोक माझ्या हातात देऊन टाकलं. नवरी झाली. मग तिची सासू. मग होशियारपूरच्या तिघी बहिणी, त्यातल्या धाकटीने पाण्यात पाय घातल्याबरोबर किंचाळून अशी एक पंजाबी शिवी हासडली, की आजीसुद्धा हसली. मग एक बाई आली, केस नुकतेच कुठे बोटभर उगवलेले, छातीवर एका बाजूला शस्त्रक्रियेचा लांब व्रण. तिने आधी आजूबाजूला बघितलं. मी चादर वर उचलली, पार माझ्या डोळ्यांच्या वर, म्हणजे मलाही दिसणार नाही अशी. पलीकडून नवरीनेही तेच केलं. आत पाण्याचा आवाज. एक, दोन, तीन. चौथीही. मग पाचवी. आम्ही मोजत होतो, बोललो काही नाही.

नेमकं तेव्हाच वरून आरोळी उठली. "जय भोले! हट गया, बादल हट गया!" वाटेवरची माणसं धावायला लागली. सकाळपासून ढगात असलेलं शिखर उघडं पडलं होतं. अक्का पुढे गेलेल्या होत्या. मी चादर धरून उभी. आत एक बाई अर्धी ओली. जाणार कुठे? ती बाहेर आली, शांतपणे कपडे घातले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अब आप जाइए, मैं पकड़ती हूँ."

मी जमेल तेवढ्या वेगाने वर गेले, म्हणजे गोगलगायीच्या. पोचले तेव्हा सरोवर होतं, त्रिशूळ होते, घंटा होत्या, काठावर संगमरवरी चौमुखी महादेव होता. इथे देऊळ बांधलेलं नाही, उघड्यावरच देव. शिखर नव्हतं. समोर नुसता पांढरा ढग.

सरोवर मनात होतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. तीन प्रदक्षिणा घालतात, आम्हीही घातल्या. काठावर नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, टाकून दिलेले ओले कपडे. ज्या देवासाठी एवढे चढून आलो त्याच्या अंगणात बनियन टाकून जायचं, ही श्रद्धा मला कधी कळणार नाही. अक्कांनी काठीने दोन-चार पिशव्या गोळा करून आपल्या पिशवीत घातल्या.

५६५३ मीटरचं हे शिखर अजून कुणी चढलेलं नाही. १९६८ साली नंदिनी पटेल यांच्या नेतृत्वाखाली भारत-जपानची तुकडी आली होती, तिलाही प्रयत्न सोडावा लागला. एक गद्दी मेंढरांसकट चढत होता तो दगड झाला म्हणतात. आणि ज्याच्यावर देव नाराज त्याला शिखर ढगाआड, असंही म्हणतात. हे मला तिथे किमान चौघांनी येऊन सांगितलं. एकाने तर चुकचुकत विचारलं, "घर में कोई दोष तो नहीं?" मी म्हटलं, गिझर बिघडलाय.

रात्र तिथेच तंबूत काढली. पहाटे सूर्य शिखरामागून येताना टोकावर मणी चमकतो, त्यावरूनच हे नाव. तो बघायला शेकडो माणसं रजया गुंडाळून उभी होती. पाऊस आला. सगळे परत तंबूत.

अक्कांच्या फोनमध्ये फोटो आहे. त्यात शिखर स्वच्छ दिसतं, आणि डाव्या कोपऱ्यात अक्कांचा अंगठा.

उतरताना गुडघ्यांनी जे केलं ते इथे लिहीत नाही. हडसरला पोचलो तर ते खीरवाले सरदारजी परत आडवे. "माताजी, दर्शन हो गए?" मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "हो गए, दोनों के. बहुत अच्छे."

आयुष्यात खोटं न बोलणारी बाई! जरा पुढे गेल्यावर मी विचारलं, "अक्का, असं का सांगितलंत?"

"मग काय तुझी चादरीची कथा सांगत बसू त्याला? खीर घे आणि चल, भरमौरची गाडी भरत आलीये."