चिंगीचा श्वास आणि पेटीतला भुसा : माझा अनुभव

आम्ही अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी आणलेली चिंगी ही बॉल पायथनची, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आढळणाऱ्या आखूड, जाड अजगराची मादी आहे. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे अजगर, धामण किंवा नाग घरात ठेवता येत नाहीत आणि परदेशी जातींचीही नोंदणी करावी लागते, हे तिकडच्या वाचकांनी आधी लक्षात घ्यावे.) गेल्या हिवाळ्यात तिला श्वासाचा जो त्रास झाला, त्याचे मूळ मी स्वतः तिच्या पेटीत पसरलेल्या भुशात होते. ते समजायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले.

जानेवारीत तिने कात टाकली, पण ती एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली. त्यानंतर तिच्या श्वासातून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. टॉर्च लावून पाहिले तेव्हा उजव्या नाकपुडीच्या कडेला जुन्या कातीचा पापुद्रा दिसला आणि त्यात ॲस्पेन या झाडाच्या लाकडाच्या भुशाचे गवताच्या काडीसारखे एक बारीक कुसळ अडकलेले होते. ओलसर कोमट टॉवेल घातलेल्या, हवेसाठी भोके पाडलेल्या डब्यात तिला अर्धा तास ठेवले. टॉवेलाला अंग घासताना पापुद्रा आणि कुसळ दोन्ही निघून गेले, शिट्टी थांबली आणि मी निश्चिंत झालो. कात टाकल्यावर नाकपुडी चोंदणे ही तशी साधी गोष्ट असते, त्यामुळे माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मात्र नाकपुडी मोकळी झाल्यावरही श्वासाचा आवाज परत आला, त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे जायला हवे होते.

चौथ्या दिवशी आवाज परत आला, पण आता ती शिट्टी नव्हती, ओली घरघर होती. चिंगी काचेला टेकून मान वर करून बसू लागली. एका रात्री तिने तोंड किंचित उघडले, तेव्हा जिभेच्या मागे, खालच्या जबड्यावर जे श्वासनलिकेचे तोंड असते, तिथे एक पारदर्शक बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला. ओठाच्या कडेला चिकट लाळेची तार लोंबत होती. तो बुडबुडा पाहिल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तासाभराच्या अंतरावरच्या, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंकडे तिला नेले. त्यांनी समजावून सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक साप पाळणाऱ्याला आधीपासून माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते. सापाला आपल्यासारखा छातीच्या खालचा श्वासपटल नसतो, त्यामुळे त्याला जोर लावून खोकता येत नाही. फुप्फुसात साचलेला स्राव बाहेर टाकण्याची सोय जवळजवळ नसल्याने आपल्या दृष्टीने साधी वाटणारी सर्दी त्याच्या बाबतीत लवकरच न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. त्यांनी एक्स-रे काढला, श्वासनलिकेत थोडे सलाइन सोडून परत ओढून घेतलेला नमुना जंतूंच्या तपासणीसाठी पाठवला आणि अजगरांत श्वसनाचा गंभीर आजार करणाऱ्या निडोव्हायरसची चाचणीही करायला लावली. विषाणूची चाचणी नकारात्मक आली, नमुन्यात जिवाणू मिळाले.

मग त्यांनी पेटीची चौकशी केली. बाहेर बर्फ पडत असताना घरातली हीटिंग दिवसरात्र चालू असते आणि हवा पार कोरडी होते. चिंगीला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते, आणि काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला आमचा काटा ३० दाखवत होता. म्हणून मी दिवसातून दोनदा भुशावर पाणी फवारत होतो. घरी येऊन सगळा भुसा उपसला तेव्हा काय चालले होते ते डोळ्यांनी दिसले. वरचा थर कुरकुरीत कोरडा होता आणि हात घालताच टॉर्चच्या झोतात धूळ तरंगू लागली. खाली, पाण्याच्या वाडग्याशेजारी मात्र करड्या बुरशीने बांधला गेलेला गोळा होता आणि त्याला गावाकडे पावसाळ्यात ओल्या गोणपाटाला येतो तसा कुबट वास येत होता. जमिनीलगत नाक ठेवून झोपणारा तो जीव एकाच वेळी कोरडी हवा, लाकडाची धूळ आणि बुरशी श्वासावाटे आत घेत होता. ॲस्पेन कोरड्या हवेत राहणाऱ्या सापांना चालतो, पण ओल धरली की तो कुजतो. दुकानात मला कोणतेही लाकूड चालेल असे सांगण्यात आले होते, तेही खरे नाही, कारण सीडार या झाडाच्या लाकडातली सुगंधी तेले सापाच्या श्वसनमार्गाला घातक ठरतात.

उपचार तीन आठवडे चालले. सेफ्टाझिडीम हे प्रतिजैविक डॉक्टरांनी दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम या हिशेबाने, दर ७२ तासांनी, असे आठ वेळा दिले. भरलेल्या सिरिंजा घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, टोचण्यापूर्वी एक मुठीत धरून वितळू द्यायची आणि शरीराच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, कण्याशेजारच्या स्नायूत सुई घालायची. मुलगी तिला दोन्ही हातांत धरून बसे आणि माझा हात थरथरत असे. चिंगी मात्र एकदाही चावायला आली नाही. शिवाय रोज दोनदा बंद डब्यात पंधरा मिनिटे सलाइनची वाफ नेब्युलायझरने द्यायची होती. उबेकडची बाजू ३२ अंश सेल्सियसवर स्थिर ठेवायची आणि श्वास सुधारेपर्यंत खायला काही द्यायचे नाही, असेही डॉक्टरांनी बजावले होते.

या काळात पेटी धुऊन वाळवून तिच्यात फक्त साधे कागदी टॉवेल अंथरले. त्यावर स्रावाचा डाग लगेच दिसे, आणि कोणत्या दिवसापासून डाग पडायचे थांबले हे मला त्यामुळेच नेमके कळले. तो सतरावा दिवस होता. डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिल्यावर धूळ झाडून घेतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे चार इंच जाड पसरले. आता पाणी वरून फवारत नाही, कोपऱ्यांतून खाली ओततो, म्हणजे खालचा थर ओल धरतो आणि वरचा कोरडा राहतो. जाळीचे झाकण तीन चतुर्थांश ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकले आहे. आर्द्रता मोजणारे डिजिटल यंत्र चिंगी झोपते त्याच पातळीवर ठेवले असून ते ६५च्या आसपास राहते. दर रविवारी मी थरात बोटे खुपसून तळाचे मूठभर तुकडे काढतो आणि हुंगून पाहतो.

मार्चच्या शेवटी, कात टाकण्याआधी होतात तसे, तिचे डोळे पुन्हा निळसर-दुधी झाले. आठवड्याभराने सकाळी पेटीच्या कडेला नाकापासून शेपटीपर्यंत सलग कात पडलेली होती, डोळ्यांच्या दोन गोल टोप्यांसह. मुलीने ती उजेडात धरून नाकपुड्यांची भोके शोधली. दोन्ही स्वच्छ, मोकळी होती. त्याच रात्री चिंगीने गोठवलेला, वितळवून दिलेला उंदीर खाल्ला, आणि मी पेटीला कान लावून बराच वेळ बसलो. काहीच ऐकू आले नाही.