झीरो ओडीवाला पोट्टा

दारव्ह्याकडच्या एका मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीच्या, ब्रँचला मॅनेजर होतो तेव्हाचं सांगतो, कंपनीचं नाव नको. मे महिना, पारा 45 च्या वर. हाताखाली 5 पोरं, सगळी 22-24 ची, ब्रँचच्याच वरच्या खोलीत राहायची, आणि रात्री साडेआठच्या कॉलवर वसुलीचा आकडा सांगितल्याबिगर कोणी जेवायला बसायचं नाही.

त्यात एक गोंदियाकडचा पोट्टा होता, ओव्हरड्यू, म्हणजे ओडी, थकलेले हप्ते, कायम झीरो. कॉलवर बाकीच्यांना मी त्याचंच उदाहरण द्यायचो.

एका संध्याकाळी कॅश मोजली तर त्याचे 1,840 कमी. मी काही विचारायच्या आत याचा हात खिशात गेला आन पैसे टेबलावर, चेहऱ्यावर काहीच नाही, जसं रोजचंच. ते मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीवर मागे बसून सेंटरला गेलो, म्हणजे गटातल्या बाया हप्ते भरायला जमतात तिथं. 18 बायांपैकी 4 गायब, तरी हा कलेक्शन शीटवर पूर्ण वसुली भरायच्या तयारीत. एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणे, "साहेब, त्या चौघींचे हप्ते हा पोट्टाच भरून रायला तीन खेपीपासून. दुपारी पाणी बी पेत नाही, उन्हात नुसता या घरून त्या घरी फिरते."

आता मे महिन्यात बायांनी पैसा आणायचा कुठून? सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस दिवाळीच्या आसपास, पुढ्यात बियाण्याचा खर्च, आणि हप्ता मात्र दर पंधरवड्याला!

येताना निंबाखाली गाडी थांबवली. त्याचा पगार हातात 15 हजार, त्यातले 6-7 हजार हप्त्यांत जायचे, घरी मायला सांगायचा की पगार लेट झाला. "सर, चूक आहे मले माहीत आहे, पण कॉलवर नाव घेतलं की पोटात गोळा येते."

नाव मीच घ्यायचो ना.

रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे, मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, ब्रँचच्या भिंतीवर आम्हीच चिकटवलेला. पोरांना मात्र मी रात्री 10 ला पण फोन लावायचो.

त्या रात्री कॉलवर मी सांगितलं, 4 खाती ओव्हरड्यू. वरचे साहेब भडकले, काल झीरो होतं, आज काय झालं? ते बोलत होते तेवढ्यात मी पोट्ट्याला हातानंच खुणावलं आन तो समोर बसून जेवायला लागला.