मामांची कवळी आणि माझी सुरी

गेल्या आखाडात सासऱ्यांची कवळी मोडली. बसवून चार महिनेही झाले नव्हते. मटणात हाडाची कपची होती, ती दाताखाली आली आणि वरच्या कवळीला मधोमध चीर गेली. मामा काही बोलले नाहीत. कवळी काढून वाटीत ठेवली, भाकरी रश्श्यात चुरली आणि गुमान जेवले.

आपल्याकडं मटण कापत नाहीत, तोडतात. चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूर दणादण पडतो, पाच मिनिटांत किलोभर मटण पिशवीत येतं. पण सत्तुराखाली हाड कापलं जात नाही, फुटतं, आणि त्याच्या कपच्या मटणाला चिकटून घरी येतात. कितीही धुवा, एखादी राहतेच. आमच्या नेहमीच्या खाटीकचाचांना म्हटलं, हाड काढून द्या. ते म्हणाले, "ताई, रविवारी ही लाईन बघा की. बुधवारी या, देतो." बुधवारी गेले तर दिलं खरं, पण घाईत काढलेल्या हाडावरच पावशेर मटण राहिलेलं. मग ठरवलं, सबंध रान, म्हणजे बोकडाची मागची तंगडी, आणायची आणि घरीच हाडापासून सोडवायची.

पहिल्या दिवशी भाजीची सुरी घेतली. तिचं पातं चांगलं दीड इंच रुंद. सरळ मांसात ती चालते, पण हाड जिथं वळतं तिथं तिला वळताच येत नाही. मग इळीवर बसले. (शहरात विळी म्हणतात, आमच्या तोंडात इळीच.) जन्मभर कांदा, शेवगा, मासे सगळं इळीवर कापलेलं, त्यामुळं हाताला एकच सवय: पातं जागेवर आणि वस्तू फिरवायची. पावणेदोन किलोचं रान तसं फिरवता येत नाही. इथं मटण पडून राहतं, पातं त्याच्याभोवती फिरावं लागतं. माझं निम्मं शिकणं म्हणजे ही सवय मोडणं होतं, सुरीचा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी सुरी औशाकडच्या आमच्या गावी लोहाराकडून करून घेतली. जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून, ठोकून, तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे कडक केलं. धार अशी की हातावरचे केस उडावेत. पण पाठ इतकी जाड की मटणात पाचर ठोकल्यासारखी शिरायची, आणि वाकायचं नाव नाही. शिवाय एक रात्र मोरीत ओली राहिली तर सकाळी तांबडी. गंज धरणारच, त्या लोखंडात क्रोमियम जवळजवळ नसतंच. यात लोहाराची चूक नाही. मी नुसतं "सुरी करून द्या" म्हटलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. ती अजून घरात आहे, नारळ फोडायला तिच्यासारखी दुसरी नाही.

तिसरी मोबाईलवरून मागवली आणि तिथं खरी फसले. फोटोत पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, चकचकीत लाकडी मूठ, शेजारी हरणाची तंगडी. अशा सुऱ्यांचे बहुतेक व्हिडिओ परदेशातल्या शिकारीचे असतात. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती गोष्ट संपवली. मामा लहानपणच्या सशाच्या मटणाच्या गोष्टी सांगतात तेवढ्याच. हरणासाठी केलेली ती सुरी आमच्या उस्मानाबादी बोकडाला मोठी आणि ताठ होती. पण खरा घात केला मुठीनं. मटणाच्या चरबीनं हात बुळबुळीत झाला, टोक हाडावर अडलं, माझा जोर मात्र थांबला नाही. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडवणारं काहीच नव्हतं. हात सरकून सरळ धारेवर गेला. तर्जनीला तीन टाके, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि महिनाभरात घासणीनं ती लाटांची नक्षीही पुसट झाली, म्हणजे वरून छापलेली होती. खरी, पोलादाचे थर जोडून केलेली असती तर अशी घासणीनं गेली नसती.

मग नणंदेच्या मुलाच्या लग्नाला हैदराबादला गेलो तेव्हा बेगम बाजारात हॉटेलच्या सामानाच्या दुकानात शिरले. बाकीच्या बायका भगुण्यांकडं, मी सुऱ्यांकडं. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "काय को होना? मुर्गी, बकरा, मच्छी?" हा प्रश्न मला आधी कुणीच विचारला नव्हता. मासळीचं पातं तारेसारखं लवतं, कारण ते काट्यावरून सपाट सरकवायचं असतं. मोठ्या जनावराला ताठ पातं लागतं. कोंबडी आणि बोकडाला मधलं. त्यानं एकेक सुरी काढून टोक लाकडी फळीवर दाबून दाखवलं. मधलं पातं थोडं वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं.

ती घेतली. पातं पंधरा सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच. अरुंद, टोकाकडं जरा वर वळलेलं. मूठ काळ्या प्लास्टिकची, खरखरीत, आणि पुढं बोटाला अडवणारी हनुवटी. दिसायला अगदीच साधी. पात्यावर एक्स-५०-सीआर-एमओ-व्ही-१५ असं कोरलेलं. त्याचा अर्थ नंतर कळला: साधारण अर्धा टक्का कार्बन, पंधरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. म्हणजे सहजी गंजत नाही आणि फार कडकही नाही. कडक जपानी सुऱ्यांची धार जास्त दिवस टिकते, पण हाडावर आपटली की तिचे टवके उडतात. हिची धार लवकर बसते खरी, पण उठवताही लवकर येते. हाडाजवळच्या कामाला मला हेच बरं वाटतं.

पुढच्या रविवारी चाचांना सांगितलं, रान सबंध द्या, सत्तूर लावू नका. घरी आणून तासभर फ्रीजमध्ये ठेवलं, कारण गार मटण घट्ट होतं आणि पात्याखाली पळत नाही. सुरी पेनासारखी धरून टोकानं आधी वरचं पापुद्र्याचं आवरण सोडवलं. मग कुल्ल्याचं हाड. त्याला कापायचं नाही, टोक हाडाला टेकवून खरवडल्यासारखं पुढं न्यायचं. हाडाला पातं लागलं की कर्र असा बारीक आवाज येतो. आवाज थांबला की समजायचं, आपण मांसात शिरलो. डोळ्यांपेक्षा कानानंच जास्त काम केलं. खुब्याशी आले, तंगडी दुसऱ्या हातानं हलवली आणि सांधा कुठं उघडतो ते पाहिलं. टोक त्या फटीत घातलं, पातं जरासं वाकलं, आणि शीर तुटल्याबरोबर हाडाचा गोळा वाटीतून अलगद बाहेर आला. जोर शून्य. माझा तर विश्वासच बसेना. त्या दिवशी पाऊण तास लागला, आता वीस मिनिटं पुरतात. डाव्या हातात जाळीचा मोजा घालते, टाक्यांची आठवण आहे.

एक चूक मात्र पुन्हा होता होता राहिली. गल्लीत चाकावर धार लावणारा आला तेव्हा सुरी त्याला द्यायला निघाले होते. चाचांनीच एकदा सांगितलं होतं ते आठवलं: चाकाच्या ठिणग्यांत पातळ पातं तापतं, धारेला निळी झाक येते आणि पाणी उतरतं. पाणी उतरलेली धार कितीही घासा, दोन दिवसांत बसते. मी हजार नंबरचा दगड आणलाय. पाण्यात भिजवायचा, पात्याची पाठ किंचित उचलून धरायची आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासायचं. महिन्यातून एकदा पुरतं. मधल्या दिवसांत चाचांसारखी सळईवर फिरवायची.

आता हाडं आणि मटण वेगळं शिजतं. हाडांचं अळणी पाणी काढायचं, त्यात येसर मसाला घालून रस्सा, आणि कपची नसलेले मऊ तुकडे मामांच्या ताटात. पहिल्यांदा असं वाढलं त्या दिवशी मामा नव्या कवळीनं दोन वाट्या जेवले. मग ताटात पळी फिरवून म्हणाले, "समदं बरं झालंय. पण नळी कुठंय?"

नळी सबंधच्या सबंध पातेल्यात होती, तिचा मगज आतच. ती उघडायला माझी सुरी कामाची नाही, लावली तर टोकच जाईल. आता दर रविवारी हाडं वेगळी करून मुलाला चाचांकडं पाठवते. ते करवतीनं नळीची दोन्ही टोकं उडवून देतात. करवतीनं कपच्या पडत नाहीत, भुगा तेवढा धुऊन टाकते. मामा ती ताटावर आपटतात, चोखतात. त्याला कवळी काढून ठेवली तरी चालतं.