वजनाची वही

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा, जो विभाग आहे तिथे मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. शस्त्रक्रिया सर्जन करतात. माझे काम तिच्या आधीचे आणि नंतरचे आहे. रुग्ण काय खातो, त्याने आजवर कोणकोणते उपाय केले आणि शस्त्रक्रियेनंतर जी पथ्ये आयुष्यभर पाळावी लागतात ती त्याच्या घरात पाळली जातील का, हे समजून घेऊन मला फाईलमध्ये माझे मत लिहावे लागते. आमच्याकडे येणारी माणसे बहुतेक वेळा अपराध्यासारखी येतात. बसण्याआधी खुर्चीच्या दोन हातांमधील जागा नजरेने मोजतात आणि मी काही विचारण्याआधीच सांगू लागतात, की मॅडम, मी खरोखर फार खात नाही हो. २०२५ च्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईंनी मात्र असे काहीच सांगितले नाही. त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या संमतीने, नाव आणि गाव वगळून, त्यांच्याविषयी लिहीत आहे.

त्या अंगणवाडी सेविका आहेत. वय ३८, उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) जवळजवळ ४४. पाच वर्षांपासून मधुमेह होता आणि गोळ्या वाढवूनही एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी तपासणी) ९ च्या खाली येत नव्हते. झोपेच्या तपासणीत श्वास तासाला तीसहून अधिक वेळा अडत असल्याचे दिसले होते, त्यामुळे रात्रभर झोपूनही सकाळी त्या थकलेल्याच उठत. भिंतीवरचा बीएमआयचा तक्ता दाखवून मी नेहमीप्रमाणे समजावून सांगू लागले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तक्ता मला कळतो. आमच्या मुलांच्या तक्त्यावर खालच्या पट्ट्यात गेलेलं मूल बघायचं असतं, इथं वरच्या पट्ट्यात मी आहे." दर महिन्याला गावातील मुलांची वजन-उंची घेणे, ती पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल-अॅपवर भरणे आणि कमी वजनाच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलणे हेच त्यांचे काम असल्यामुळे त्यांनी स्वतःचे वजनही तसेच नोंदवून ठेवले होते.

वहीत पट्टीने आखलेले चार रकाने होते: महिना, वजन, फरक, शेरा. पहिली नोंद २०११ मधील, धाकट्या मुलाच्या जन्मानंतरची, ७८ किलोची. शेऱ्याच्या रकान्यात कोणताही उद्गार नव्हता, सरकारी नोंदवहीत असतो तसा कोरडा मजकूर होता. 'मध-लिंबू-गरम पाणी सुरू.' 'भात बंद.' 'नणंदेचे लग्न, आठ दिवस पथ्य नाही.' 'थायरॉईड तपासले, ठीक.' २०१८ मध्ये 'दिवसातून दोनदाच जेवण' असा शेरा होता आणि त्यापुढच्या महिन्यांत वजन ९४ वरून ८५ वर उतरलेले होते. दीड वर्षाने ते ९७ झाले होते. २०२१ मध्ये 'डब्यातील शेक, रात्रीचे जेवण बंद', ९९ वरून ९०, आणि पुढे १०२. वजन उतरत असतानाही एका शेऱ्यात 'भूक फार, झोप नाही' असे लिहिलेले होते. प्रत्येक चढाव मागच्यापेक्षा दोन-तीन किलो वर जाऊन थांबला होता. मी ती वही पानागणिक वाचली, कारण रुग्णाने किती प्रयत्न केले याचा एवढा स्वच्छ पुरावा आम्हाला सहसा मिळत नाही; लोक वजन घटल्याचे आकडे लक्षात ठेवतात आणि परत वाढू लागले की काट्यावर उभे राहणेच सोडून देतात. यांनी एकही महिना गाळलेला नव्हता.

पुढच्या भेटीला घरच्या मंडळींना घेऊन या, असे आम्ही सर्वांनाच सांगतो. त्या दिवशी त्यांच्याबरोबर चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारे त्यांचे पती आले होते आणि सासूबाई आल्या होत्या. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आषाढीची वारी करून त्या नुकत्याच परतल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी सर्जनना स्पष्ट सांगितले, "डॉक्टर, देवानं दिलेलं धडधाकट पोट कापायचं हे काही मला पटत नाही. तोंडावर ताबा ठेवला की माणूस आपोआप उतरतं. मी चालते ना पंढरपुरापर्यंत." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. सून मोठ्या ऑपरेशनला सामोरी जाणार याची भीती होती आणि त्या भीतीला दुसरे शब्द नव्हते.

सर्जननी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी वही पतीच्या हातात दिली आणि शेरे मोठ्याने वाचायला सांगितले. ते अडखळत वाचू लागले. २०१८ चे पान आले तसे आजी, म्हणजे सासूबाई, मध्येच म्हणाल्या, "त्या वर्षी ही आमच्यासंगं रात्री ताटावर बसतच नव्हती. मला वाटायचं, राग धरून बसलीय." सुनेने मान खाली घातली आणि म्हणाली, "आत्या, ताट समोर आलं असतं तर मला राहवलं नसतं. म्हणून मी त्या वेळेला नोंदवह्या घेऊन बसायचे." मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "कमी वजनाच्या पोराच्या आईला मी कधी दोष देत नाही. कारण शोधते. जंत आहेत का, जुलाब होतात का, घरात दूध येतं का, सगळं बघते. माझ्या बाबतीत कारण कुणी शोधलं?"

तिच्या या प्रश्नाला विज्ञानाकडे बऱ्यापैकी ठोस उत्तर आहे, आणि ते त्या दिवशी सर्जननी आणि मी मिळून त्यांना सांगितले. शरीराला आपली चरबी घटलेली कळते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, जठराच्या वरच्या भागात तयार होणारे भूक लावणारे ग्रेलिन वाढते आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही घटते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की आहार कमी करून वजन घटवलेल्या माणसांमध्ये हे भुकेचे बदल वर्षभरानंतरही तसेच राहिलेले होते. म्हणजे वजन उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा कमी अन्न पुरते, पण भूक मात्र आधीपेक्षा जास्त लागते, आणि ही ओढाताण त्याला महिनोन्महिने, एकट्याने सोसावी लागते. 'भूक फार, झोप नाही' या शेऱ्यावर बोट ठेवून मी आजींना म्हटले, की हा ताब्याचा अभाव नव्हे. एवढी भूक सोसून सुनेने नऊ किलो उतरवले होते, हाच ताबा होता. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी वही मुलाकडून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली.

पतीचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी मोबाईलवर वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी वाचले होते. टिर्झेपटाइड मार्चमध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जूनमध्ये भारतात आले होते आणि तेव्हापासून आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांविषयी विचारत होता. ही औषधे परिणामकारक आहेत, याबद्दल सर्जननी हातचे राखून काही सांगितले नाही: पूर्ण मात्रेवर वर्ष-दीड वर्षात सरासरी पंधरा ते वीस टक्के वजन कमी होते आणि साखरही सुधारते. पण औषध थांबवले की बहुतेकांचे वजन पुन्हा चढू लागते, म्हणून ते दीर्घकाळ घेण्याची तयारी हवी. त्या वेळी त्याचा महिन्याचा खर्च चौदा हजारांच्या पुढेच होता, म्हणजे बाईंचे जवळजवळ सगळे मानधन त्यातच गेले असते. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र पतीच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात बसत होता, कारण बीएमआय ४० च्या वर असेल आणि इतर उपाय करून झालेले असतील तर विम्याचे नियम तिला मान्यता देतात. एखाद्या कुटुंबाचा वैद्यकीय निर्णय अशा हिशेबावर ठरावा, याचे मला वाईट वाटते. पण तो ठरतो, आणि तो त्यांच्यापासून लपवून ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय ठरला असता.

मग सर्जननी कागदावर जठर काढले. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत दुर्बिणीतून जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्टेपलरने वेगळा करून काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक राहते. ग्रेलिन तयार करणारा भाग बहुतांशी त्यातच जात असल्यामुळे जागा कमी होते तशी भूकही कमी होते. मधुमेहासाठी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, अधिक प्रभावी ठरू शकतो हेही त्यांनी सांगितले, पण बाईंचे हिमोग्लोबिन १०.८, म्हणजे आधीच कमी, होते, घर पूर्ण शाकाहारी होते आणि बायपासनंतर लोह व बी-१२ यांची कमतरता अधिक होते, म्हणून त्यांनी स्लीव्ह सुचवली. शिवाय त्यांना आम्लपित्ताचा त्रास नव्हता, जो असता तर स्लीव्ह टाळावी लागली असती. धोके सांगताना ते थांबून थांबून बोलले: स्टेपलच्या रेषेतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि क्वचित, हजारात एखाद्या-दुसऱ्या रुग्णाचा मृत्यूही होतो. आजींनी विचारले, "आणि नाही केलं तर?" त्याचेही उत्तर त्यांनी तितक्याच सरळपणे दिले. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या हजारो स्थूल माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आहे, आणि शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे.

निर्णय बाईंनी स्वतः घेतला, तोही तिथे नाही. "मला चार दिवस द्या" असे सांगून त्या गेल्या आणि नंतर फोनवर त्यांनी फक्त तारीख विचारली. मला हे फार बरे वाटले. खोलीत, डॉक्टरांसमोर, नातेवाईकांच्या नजरेखाली दिलेला होकार मी पुरेसा मानत नाही. 'आधी आणि नंतर' अशी छायाचित्रे दाखवून ज्या जाहिराती केल्या जातात, त्या पाहून आलेल्या माणसाला मी नेहमी घरी परत पाठवते आणि आठवडाभराने पुन्हा बोलावते.

शस्त्रक्रियेआधीचे दोन आठवडे श्रावणात आले. या काळात दिवसाला सुमारे आठशे कॅलरींचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतो, कारण स्थूल माणसाचे यकृत चरबीने मोठे झालेले असते, त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो, आणि तो आकसला नाही तर सर्जनला जागाच मिळत नाही. माळकरी घरात अंडीही चालत नव्हती. त्यामुळे ताक, साय काढलेले दूध, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, घरचे पनीर आणि प्रथिनांची पावडर यांवरच सगळी मांडणी करावी लागली. हे सारे वेळेवर, मोजून देण्याचे काम आजींनी आपण होऊन अंगावर घेतले. श्रावणातले नेम त्यांनी आयुष्यभर केले होते, आणि सुनेचा हा नेमही त्यांनी त्याच काटेकोरपणाने सांभाळला.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ तीस मिलिलिटरचा छोटा पेला घेऊन बसले होते. तेवढे पाणी घोट घोट करत पंधरा मिनिटांत प्यायचे होते. पहिल्या घोटानंतर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "भरल्यासारखं वाटतंय. असं मला कधी वाटलेलं आठवत नाही." त्यानंतर दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ गुरगुट्या भात आणि वरण, मग कुस्करलेली भाजी, आणि सहा आठवड्यांनी चतकोर भाकरी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि ताटात आधी डाळ किंवा पनीर, भाकरी शेवटी. साखर पहिल्याच महिन्यात इतकी उतरली, की मधुमेहाच्या तीनपैकी दोन गोळ्या फिजिशियननी बंद केल्या.

सोपे मात्र काही नव्हते. तिसऱ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले आणि त्या घाबरून आल्या. वेगाने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असे बहुतेकांना होते आणि केस पुन्हा येतात, हे सांगूनही त्यांच्या प्रथिनांचा हिशेब मी बारकाईने तपासला, तर दिवसाला साठ ग्रॅमच्या जागी चाळीसच भरत होते. नेमकी त्याच आठवड्यात कार्तिकी एकादशी होती. आजींनी आल्या आल्या विचारले, "हिनं उपास धरला तर चालेल का?" नाही म्हणणे सोपे होते, पण त्या घरात ते टिकले नसते. मी फराळ बदलून दिला: साबुदाणा आणि बटाटा पूर्ण बंद, दुधात प्रथिनांची पावडर दोन वेळा, ताक, पनीर, थोडा राजगिरा, आणि गोळ्या एकही चुकवायच्या नाहीत. उलट्या सुरू झाल्या तर उपवास त्याच क्षणी सोडून फोन करायचा, कारण या रुग्णांमध्ये सतत उलट्या झाल्या तर थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता होऊन नसांना इजा पोहोचू शकते. आजींनी हे सगळे वहीच्या मागच्या पानावर नातवाकडून लिहून घेतले.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत वजन ८२ किलो होते. श्वास अडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले होते. बी-१२ अजून कमी होते, म्हणून त्याचे इंजेक्शन दरमहा सुरू ठेवले आहे. दोन-तीन वर्षांनी थोडे वजन परत चढू शकते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आमचे पुष्कळ रुग्ण वर्षभरानंतर तपासणीला येणे बंद करतात आणि कमतरतेचे त्रास तेव्हाच वाढतात, म्हणून पुढच्या भेटीची तारीख आम्ही आजींच्या मोबाईलमध्येही घालून दिली आहे.