मक्याची पाहणी: खालच्या पानापासून

आज सकाळी दव असतानाच मक्यात फेरी झाली. वेळ मुद्दाम तीच धरायची, कारण केवडा या रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला सकाळीच स्पष्ट दिसते. ऊन चढलं की नुसते फिकट पिवळे पट्टे उरतात आणि लोक खत कमी पडलं समजून युरिया टाकून मोकळे होतात. केवड्याचं झाड सुधारत नाही. दिसताच मुळासकट उपटून पिशवीत भरायचं आणि बाहेर नेऊन पुरायचं. बांधावर टाकायचं नाही.

बांधावरून मका पाहणं म्हणजे न पाहणंच. नागमोडी चालत 5 ठिकाणी 20-20 झाडं बघावीत, तीही खालच्या पानांपासून. करपा या पानांवरच्या बुरशीच्या रोगाचे डाग लांबट, राखाडी-तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. ते खालून वर चढतात. तुरा येण्याआधीच कणसाजवळच्या पानापर्यंत पोचले तर दाणा भरत नाही, कारण दाण्याला अन्न मुख्यतः कणसाजवळची आणि त्यावरची पानंच पुरवतात. तांबेरा हा आणखी एक बुरशीचा रोग, तो ओळखायला पानावर बोट फिरवा, विटकरी भुकटी लागते.

करपा चढतोय असं दिसलं तर मँकोझेब हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात फवारायचं, पानं दोन्ही बाजूंनी भिजतील असं. ते पानावर राहून नव्या बीजाणूंना रोखतं, पडलेला डाग भरून काढत नाही. म्हणून उशिरा मारलेली फवारणी वायाच जाते.

आणि धसकटं, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले बुंधे! करप्याची बुरशी त्यांच्यातच तग धरते. मक्यावर मका घेऊ नका.